चिखलातून वर आलेला रस्ता

फिलाडेल्फियाच्या जुन्या भागात चाकांची बॅग ओढत जायची वेळ कुणावर येऊ नये. तुम्ही गल्लीच्या या तोंडाशी असता आणि त्या तोंडाच्या घरात कळतं, पाहुणे आले. सायकल, बाबागाडी, उंच टाचांच्या चपला, सगळ्यांची तीच गत. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर या रस्त्यांचं कौतुक परवडणारच नाही आणि त्याची तक्रार अगदी रास्त आहे. एवढं कबूल करूनही सांगतो, मला हे दगडा-विटांचे रस्ते बेहद्द आवडतात.

शहर तसं पट्टी घेऊन आखलेलं. १६८२ साली शहर वसवणाऱ्या विल्यम पेननं आखणी करून घेतली ती सरळ रेषांची, काटकोनांची. त्यात डॉक स्ट्रीट मात्र खुशाल वळणं घेत जातो. कारण तो मुळात रस्ता नाहीच, तो ओढा आहे. कातडी कमावणाऱ्यांनी त्यात घाण सोडून सोडून त्याचं गटार केलं, लोक वासानं हैराण झाले आणि अठराव्या शतकात तो टप्प्याटप्प्यानं झाकून टाकला. आता वर ग्रॅनाइटचे घडीव दगड आहेत, पण वळणं ओढ्याचीच.

दगड आले कसे, याचा किस्सा बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात सांगून ठेवलाय. तो जर्सी मार्केटजवळ राहायचा. बाजाराच्या मधोमध विटांची एक पट्टी घातलेली होती. तिच्यावर पाय टेकला की जिंकलात, पण तिथवर पोचेपर्यंत जोडे चिखलात. फ्रँकलिननं बोलून, लिहून पिच्छा पुरवला आणि तेवढ्या तुकड्यावर दगड बसवून घेतले. मग नवीच पंचाईत. बाकीच्या कच्च्या रस्त्यावरून आलेल्या गाड्या चाकांचा चिखल या नव्या फरसबंदीवर झाडून जायच्या आणि झाडायला शहराकडे माणूसच नव्हता. फ्रँकलिननं एक गरीब, कष्टाळू माणूस शोधला. आठवड्यातून दोनदा झाडायचं, दारापुढची घाण उचलून न्यायची, घरटी महिना सहा पेन्स. मग पत्रक छापून घरोघर वाटलं: घरात चिखल कमी येईल, दुकानात गिऱ्हाईक वाढेल, मालावर धूळ बसणार नाही. सगळे तयार झाले. बाजार असा लख्ख झालेला पाहून शहरभर फरसबंदी हवी, असं लोकांना वाटू लागलं आणि त्यासाठी कर भरायलाही ते राजी झाले. कर भरायला लोक राजी! आधी चार पावलं कोरडी चालवून दाखवायची आणि मग पावती फाडायची, ही युक्ती आपल्याकडच्या नगरसेवकांनीही मनावर घ्यावी.

आज आपण फोटो काढतो ते एल्फ्रेथ्स ॲलीसारख्या गल्ल्यांचे. तिथली घरं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, आणि त्यांत अजून माणसं राहतात. साताऱ्याहून आत्या आली होती, तिला तिथं नेलं. घरांकडे तिनं एकदा पाहिलं आणि वाकून दगडच चाचपत बसली. “अरे, हे टाकीनं घडवलेले दगड रे! आपल्या वाड्याच्या जोत्याला होते ना, तसले.” मागून गाडी आलेली तिला कळलीच नाही, आणि गाडीवालाही निमूट थांबला. एरवी भरधाव जाणारा माणूस अशा गल्लीत आपसूक सभ्य होतो, गतिरोधक लागत नाही.

गोल गोटे जुने, नदीतले. चौकोनी ग्रॅनाइट नंतरचा, त्याच्या सांध्यांत घोड्याच्या नालेला पकड मिळायची. रस्त्याची वीट काचेसारखी टणक होईपर्यंत भाजलेली असते, म्हणून पाणी पीत नाही. घराची साधी वीट इथल्या बर्फात दोन-चार हिवाळ्यांत भुगा होईल. आणि कॅमॅक स्ट्रीटच्या एका तुकड्यावर चक्क लाकडी ठोकळे आहेत. लाकडावर टापांचा आवाज कमी होतो.

पण मला भावतो तो यांचा आणखी एक गुण. हा रस्ता उसवून पुन्हा शिवता येतो. खालची पाण्याची नळी फुटली, तर दगड काढा, बाजूला रचा, नळी दुरुस्त करा, वाळू नीट दाबून तेच दगड परत बसवा, दर्जा म्हणजे मधल्या फटी भरा. हिवाळ्यात जमीन फुगली आणि दोन दगड वर आले, तर तेवढेच उचलायचे. डांबर एकदा फुटलं की त्याचा राडारोडाच होतो.

अर्थात हे करायला सवड आणि हाताला वळण असलेला गवंडी लागतो. आमच्या जवळच्या गल्लीत मागे खोदकाम झालं आणि मंडळी दगडांच्या मधोमध डांबराचं काळं ठिगळ मारून निघून गेली. काढलेले दगड कुठे गेले, कुणालाच सांगता येत नाही. आसपासच्या अंगणांत फुलझाडांच्या वाफ्यांना अगदी तसल्याच चौकोनी ग्रॅनाइटची किनार मात्र दिसते.