मादागास्करचा लांब सोंडेचा पतंग आणि ११८ वर्षं रखडलेली त्याची ओळख

मादागास्करला बहुतेक जण लेमूर बघायला जातात, मी गेले ते एका ऑर्किडसाठी आणि त्याच्या पतंगासाठी (पतंग म्हणजे मॉथ, रात्री दिव्यावर येतात ते). मुंबईहून मॉरिशसमार्गे अंतानानारिवो, ज्याला तिथे सगळे नुसतं ताना म्हणतात, आणि मग पूर्वेकडे आंदासिबेच्या जंगलापर्यंत गाडीने. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगा, खड्डे, वळणं, त्यामुळे अंतर कमी असूनही अर्धा दिवस त्यातच जातो. रस्त्याबद्दल एवढंच पुरे.

आंदासिबेला आमच्या लॉजवर काही संशोधक मुलंमुली उतरली होती. परमिट घेऊन आलेली. अंधार पडला की पांढरी चादर ताणून बांधायची, तिच्यासमोर प्रखर दिवा लावायचा आणि बसायचं. मी पण बसले. तासाभरात चादर भरून गेली, नखाएवढे राखाडी, सोनेरी ठिपक्यांचे, सुकलेल्या पानासारखे हुबेहूब, किती प्रकार ते सांगता येणार नाही. मी विचारलं यातला नवीन कुठला, तर त्यातली एक मुलगी म्हणाली, ताई, ते इथे नाही कळत, ते म्युझियममधे कळतं.

मग तिने जे समजावलं ते मला जंगलाइतकंच आवडलं. पतंगाचे पंख पसरून टाचणीवर वाळवायचे, कुठे कधी मिळाला त्याची बारीक चिठ्ठी खाली लावायची. एक पाय काढून डीएनएसाठी द्यायचा, त्यातल्या साधारण ६५८ अक्षरांच्या एका तुकड्याला बारकोड म्हणतात. पोटाचा शेवटचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधे मऊ करून जननेंद्रियं वेगळी काढायची आणि काचपट्टीवर बसवायची, कारण पंखांची नक्षी अगदी सारखी असली तरी पुष्कळदा फरक तिथे सापडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे होलोटाइपशी ताडून बघायचं, म्हणजे ज्या एका नमुन्याला प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं तो नमुना. आफ्रिकेतल्या पतंगांचे असे कितीतरी जुने नमुने लंडन, पॅरिसच्या म्युझियममधे आहेत, त्यामुळे आफ्रिकेतल्या संशोधकाला स्वतःच्या जंगलातला पतंग ओळखायला युरोपला जावं लागतं. मला हे फार खटकलं, आणि अजून खटकतंय.

ज्याच्यासाठी मी गेले होते त्या पतंगाची गोष्ट तर पतंगाची ओळख म्युझियममधेच पटते याचं सगळ्यात मोठं उदाहरण. १८६२ मधे डार्विनकडे मादागास्करचं अँग्रेकम सेस्क्विपेडेल हे ऑर्किड आलं. चांदणीसारखं पांढरं फूल आणि मागे जवळजवळ फूटभर लांब नळी, मध फक्त तिच्या तळाशी. डार्विनने लिहून टाकलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. १८६७ मधे डार्विनच्याच काळातला निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस याने ब्रिटिश म्युझियममधल्या आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या झँथोपॅन मॉर्गनाय या हॉक मॉथची (मोठा, जोरात उडणारा पतंग) सोंड मोजली, साडेसात इंच भरली, म्हणजे अजून दोन-तीन इंच लांब सोंडेचा भाऊबंद मिळाला की झालं, असा त्याचा हिशोब. तो मिळाला, आणि १९०३ मधे रॉथशिल्ड आणि जॉर्डन या कीटक अभ्यासकांनी त्याला प्रेडिक्टा असं नाव दिलं. पण दिलं ते उपप्रजाती म्हणून, मॉर्गनायचाच एक स्थानिक प्रकार. डार्विन १८८२ मधेच गेला होता, त्याला हे कळलंच नाही.

आणि मग २०२१ पर्यंत तसंच राहिलं! त्या वर्षी फ्रान्स आणि ब्रिटनच्या संशोधकांनी मादागास्करचे आणि मुख्य भूमीवरचे नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मादागास्करवाल्याचं पोट गुलाबीसर, पंखांच्या टोकांचा आकार वेगळा, सोंड जास्त लांब (एका नमुन्याची पूर्ण ताणल्यावर २८.५ सेंटीमीटर), आणि बारकोडमधे ७.८ टक्क्यांपर्यंत फरक. तेव्हा कुठे झँथोपॅन प्रेडिक्टा ही स्वतंत्र प्रजाती झाली. माझं मत असं की सगळ्यांचं लक्ष त्या सोंडेवर आणि डार्विनच्या भाकितावरच राहिलं, पोटाच्या रंगाकडे कोण बघणार. नमुने कपाटात होतेच, ते ताडून बघायला माणूस बसला तेव्हा काम झालं.

आंदासिबेहून पुढे किनाऱ्याकडे मानांबातोला गेलो, तिथून बोटीने तळी ओलांडत आंपिताबे तळ्याच्या काठी. सप्टेंबर होता, म्हणजे फुलांचा हंगाम संपत आलेला, तरी गाइडदादांनी एका झाडावर डोक्याच्या उंचीवर फूल दाखवलंच. दिवसा वास जवळजवळ नाही, अंधार पडला आणि असा दरवळ सुटला की काय सांगू! हिरवट नळी खाली लोंबतेय, आणि तळाशी मध असेल तो भाग टॉर्च मागे धरली की किंचित गडद दिसतो. आम्ही बरीच रात्र थांबलो, प्रेडिक्टा काही आला नाही. पण ते फूल समोर बघितल्यावर डार्विनला एवढी खात्री का वाटली ते पटतं, दुसरा कोणी त्या तळापर्यंत पोचणार तरी कसा.

कुणाला जायचं असेल तर फुलांसाठी जून ते ऑगस्ट बरा. तो तिथला हिवाळा असतो, त्यामुळे आंदासिबेला रात्री स्वेटर लागतोच, किनाऱ्यावर नाही. राष्ट्रीय उद्यानात रात्री आत सोडत नाहीत, पण शेजारच्या गावकऱ्यांच्या संस्थेच्या जंगलात रात्रीची फेरी मिळते, ती नक्की घ्या, पैसे त्यांच्याकडेच राहतात. आणि परमिटशिवाय एकही पतंग उचलू नका, मेलेला सुद्धा.