‘के’च्या बटणावर काय असतं

परवा माळ्यावर आक्काच्या लग्नाच्या अल्बमखाली एक सीडी सापडली. वर मार्करनं माझ्याच अक्षरात ‘आक्का पत्रिका फायनल २’. फायनल १ चं काय झालं होतं देव जाणे. घरात आता सीडी चालेल असं एक मशीन नाही, गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्याकडनं बाहेरून लावायचा ड्राइव्ह मागून आणला, वर्डची फाईल उघडली, तर सगळा नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. या लॅपटॉपवर कृतीदेव हा जुना मराठी फाँट नव्हता ना.

लोक कॉम्प्युटरच्या आठवणी सांगतात तेव्हा रॅम केवढी होती, पहिला गेम कुठला, असलं सांगतात. माझं आयुष्य फाँटात गेलं. १९९९ ला बारावी झाल्यावर टिळकवाडीत क्लास लावला, चप्पल बाहेर काढून एसीत बसायचं, एका मशीनवर दोघं, विंडोज ९८ वर पेंटमध्ये घर आणि नारळाचं झाड काढायचं. सर्टिफिकेट मिळालं, खरं शिकलो ते पुढं खडेबाजारच्या बाजूला एका डीटीपीच्या, म्हणजे छपाईचं मॅटर कॉम्प्युटरवर लावायच्या दुकानात. (हे ‘खरं’ म्हणजे आमच्या बेळगावात ‘पण’, पुण्याच्या लोकांनी गोंधळ करून घेऊ नये.)

लग्नसराईत तिथं श्वास घ्यायला फुरसत नसायची. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅटर लावायचं, ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट काढायची आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं पळायचं. पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण पाव्हणे दोन्हीकडचे. मराठी कृतीदेवमध्ये, कन्नड नुडी या सॉफ्टवेअरमध्ये, आणि इथंच बोटांचे हाल. कृतीदेवची मांडणी जुन्या टाईपरायटरची, ‘के’ दाबलं की काना येतो, क पाहिजे तर ‘डी’ दाबायचं. नुडीत कन्नड कीबोर्डवाले के. पी. राव यांची मांडणी, उच्चाराप्रमाणं, म्हणजे ‘के’वर क आणि ‘डी’वर द. सकाळभर मराठी मारून दुपारी कन्नडला बसलो की बोटं ऐकायचीच नाहीत. एकदा कन्नड बाजूला नवरीच्या आजीचं ‘कमला’ होतं त्याचं ‘दमला’ झालं. माझं कन्नड शाळेपुरतं, मला ते दिसलंच नाही, चहा घेऊन येणाऱ्या मामांनी ट्रेसिंग उजेडाकडं धरून वाचलं आणि पोट धरून हसले. तेव्हापासून कन्नडचं प्रूफ तेच बघायचे, चहाचे पैसे वेगळे.

हे जुने फाँट म्हणजे एक सोंगच होतं बघा. कॉम्प्युटरला मराठीचं काही माहीत नाही, आत ‘जे के ई’ अशी तीन इंग्रजी अक्षरंच साठवलेली, फक्त फाँटातली चित्रं र, काना आणि म ची, म्हणून आपल्याला ‘राम’ दिसायचं. फाँट काढला की सोंग उतरलं. निपाणीच्या एका प्रेसला मी पत्रिका फ्लॉपीवर पाठवली, फाँट कॉपी करायला विसरलो. तिकडनं फोन, “कुठल्या भाषेत लग्न करूलाय गा तुम्ही?” परत एसटीत बसून निपाणी, फ्लॉपी शर्टाच्या खिशात.

मग युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा नंबर, सोंग नाही. विंडोज एक्सपीची सीडी घालून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टपुढं टिक मारायची, मशीन रिस्टार्ट, की मराठी चालू. आणि तेव्हा भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड बघितला, तर त्यात ‘के’वर मराठी क आणि कन्नडला बदललं तरी ‘के’वरच क! काना, वेलांटी, सगळं त्याच जागी. भाषा बदला, बोटं तीच. ही मांडणी सरकारनं १९८६ लाच ठरवलेली होती म्हणे, आणि मी एवढी वर्षं आज्यांना दमवत बसलो होतो! बेळगावासारख्या गावात हे पहिल्या दिवशी क्लासात शिकवायला पाहिजे होतं, नारळाच्या झाडाच्या आधी.

खरं दुकानात लगेच काही बदललं नाही, पेजमेकरला युनिकोड कळायचंच नाही. आणि जुन्या फायली कन्व्हर्टरमधनं काढल्या की ‘चि.’ चं ‘िच.’ व्हायचं, कारण कृतीदेवमध्ये वेलांटी आधी मारायची आणि युनिकोडात अक्षरानंतर. शेकडो चिरंजीवांच्या वेलांट्या मी हातानं उचलून ठेवल्यात. नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं तेव्हा लेटरहेड बदलायला रांग लागली होती, तेवढा एकच महिना मालक खुशीत.

तर ती सीडी. फाँट शोधून टाकायचा कंटाळा आला म्हणून तसाच बघत बसलो. एफ पी डॅश. एल के मोठा एस डॅश. डी के ए डॅश. आणि बोटं टेबलावर आपोआप हलायला लागली, चि. सौ. कां.! वीस वर्षांनी, फाँटाशिवाय, अर्धी पत्रिका वाचून काढली मी. आक्काला फोन लावला, तिला म्हटलं बघ, अजून येतंय.

ती म्हणाली, “ते राहू दे. पहिल्यात ‘वधूचे मामा’ ही ओळ राहिली म्हणून दुसरी कर म्हटलं होतं तुला. मामा अजून बोलून दाखवतात. घातलास काय नाही शेवटी?”

म ‘ई’वर, काना ‘के’वर. फाइंडमध्ये टाकलं, ई के ई के.

नाहीच.