डबल बासचं व्हायोलिन: फितीवर कुठवर आलोय

'व्हाइट नॉइज' या बँडच्या 'ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म' या अल्बममधलं (आयलंड रेकॉर्ड्स, १९६९) पहिलं गाणं 'लव्ह विदाउट साऊंड'. त्यातली व्हायोलिनं, चेलो वगैरे खरी नाहीत. बँडच्या डेव्हिड व्होरहाउसने स्वतःचा डबल बास (व्हायोलिनच्या घरातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य) वाजवून ध्वनिफितीवर भरला, ती फीत वेगाने चालवली, तुकडे कापले, जोडले. सोबत डिलिया डर्बिशायर आणि ब्रायन हॉजसन, दोघंही बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधले, म्हणजे कार्यक्रमांसाठी इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या विभागातले, मुरलेले. ते आवाज जुन्या स्पूल मशीनवर (मोठ्या रिळांच्या टेपरेकॉर्डरवर) काढायचे, एवढाच माझा हट्ट.

आकडेमोड सोपी निघाली. बासची मोकळी 'जी' तार ९८ हर्ट्झला वाजते. सेकंदाला साडेसात इंच वेगाने भरून पंधराने चालवली की १९६ हर्ट्झ, म्हणजे नेमकी व्हायोलिनची सगळ्यात खालची तार!

खरी गंमत गजाची. स्वर एक सप्तक चढतो तसा वेळही निम्मा होतो, त्यामुळे सगळंच अर्ध्या लयीत वाजवावं लागतं. बोटाचा कंपही दुप्पट होतो. सेकंदाला सहा हेलकावे दिले तर बारा ऐकू येतात आणि वाद्य शेळीसारखं बेंबें करतं. बास वाजवणाऱ्या मित्राला तीनवर आणलं तेव्हा कुठे सूर माणसात आला. तरी आवाज थोडा नाकातला राहतो, कारण बासच्या लाकडी पेटीचा नादही सोबत वर सरकतो. मला तोच आवडतो.

आता कापाकापी चालू आहे. पंधरा इंची वेगावर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा म्हणजे साडेसात इंच फीत. मोजपट्टी ठेवायची, ब्लेड चालवायचं. सरळ काप दिला की स्वर टचकन सुरू होतो. पाव इंची फितीवर ४५ अंशांचा काप दिला तर सेकंदाच्या साठाव्या भागात हळूच उगवतो. गजाच्या स्वरांना तिरकाच शोभतो.

या अल्बमचं नाव निघालं की बहुतेक जण शेवटच्या 'ब्लॅक मास'वर घसरतात. कंपनीने तगादा लावल्यावर घाईत उरकलेला तुकडा तो! भीतीदायक आहे, मान्य. पण कारागिरी ऐकायची तर पहिली बाजू लावा.

पुढे तीच फीत आणखी एकदा दुप्पट करायची आहे, दोन सप्तकं वर. तिथे फितीची सळसळ किती चढते ते बघू. स्प्लायसिंग पट्टीचा (फितीचे तुकडे जोडायच्या चिकटपट्टीचा) रोल कोणाकडे जास्तीचा असेल तर कळवा.