माशाला कोण विचारतंय?

घरात मासे आणायचं ठरलं की चर्चा सुरू होते टीव्हीपासून. टाकी टीव्हीच्या डावीकडे ठेवायची की उजवीकडे? मग सोफ्याचा रंग निघतो, मग पडद्यांचा. मासा कोणता घ्यायचा याचा नंबर बराच खाली लागतो, आणि त्या बिचाऱ्याला काय लागतं हा विषय बऱ्याच घरांत तो उलटा तरंगायला लागल्यावरच निघतो.

आमच्या घरात माणसं चार आणि मतं साधारण सहा. लेकीला केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेलाच मासा हवा होता. तो समुद्रातला, त्याला खारं पाणी लागतं आणि तो खारटपणा खिशापर्यंत पोचतो. नवऱ्याला उंच, सडपातळ, हॉटेलच्या रिसेप्शनला शोभेल अशी टाकी आवडली होती. सासूबाईंचं म्हणणं एकच, टाकी ईशान्येला. शिवाय त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवायचा. घरावर काही संकट आलं की काळा ते आपल्यावर घेतो आणि जातो.

"मग?" लेकीने विचारलं.

"मग दुसरा काळा आणायचा."

इतकी जबाबदारीची नोकरी आणि पेन्शन काही नाही!

क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत गेलं की पहिल्यांदा समोर येतो तो काचेचा गोल बाऊल. दिसायला देखणा, किमतीला हलका, टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारा. गिऱ्हाईक हेरण्यात दुकानदार तरबेज असतात. "नवीन आहात ना, मग छोट्यापासून सुरुवात करा," असं अगदी वडीलकीच्या सुरात सांगतात. हा सल्ला नेमका उलटा आहे. मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. साठ लिटर पाण्यात तो अमोनिया पसरतो, चार लिटरमध्ये तो माशाच्याच नाकातोंडात जातो. थोडं पाणी दुपारी झटकन तापतं, रात्री झटकन गार होतं. नवशिक्याला चुका करायला जागा हवी असते आणि ती मोठ्या टाकीतच मिळते.

त्यातून बाऊलमध्ये टाकतात कोण, तर गोल्डफिश! या माशाला खरं जठरच नसतं. खाल्लेलं आतड्यातून चालत राहतं, त्यामुळे खाणं आणि घाण करणं हे दोन्ही उद्योग अखंड चालू. साधा गोल्डफिश नीट सांभाळला तर वीतभर सहज वाढतो आणि दहा-बारा वर्षं जगतो. आपल्याकडे मात्र 'गोल्डफिश काय, दोन-चार महिन्यांचा पाहुणा' असाच समज आहे, कारण आपण त्याला पाहिलाय तो बाऊलमध्येच. रोम शहराने तर 2005 साली गोल बाऊलवर बंदीच घातली. आमच्या दुकानदाराला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, रोममध्ये जागा मोठी असते."

बाऊल सुटला की आकाराचा प्रश्न येतो आणि इथे नवऱ्याच्या उंच टाकीचा निकाल लागला. हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. बुडबुडे दिसायला छान, पण त्यांचं मोठं काम म्हणजे वरचं पाणी हलतं ठेवणं. म्हणून तेवढ्याच लिटरची उंच टाकी आणि लांब टाकी यांत लांब टाकी केव्हाही बरी. पोहणाऱ्यालाही धावपट्टी मिळते; मासे आडवे पोहतात, लिफ्टने वरखाली करत नाहीत.

आम्ही शेवटी ज्या टाकीपाशी थांबलो ती दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. हिशेब केला तर काठोकाठ सत्तर लिटर. लिटरला किलो धरा, वर काच, खडी, दगड. भरलेली टाकी माझ्या नवऱ्यापेक्षा जड भरणार होती, आणि ती ठेवायचा विचार चालला होता चपलांच्या प्लायवूडच्या कपाटावर! आधी त्यासाठी लोखंडी स्टँड घेतला, त्याखाली आणि टाकीखाली काय टाकायचं ते ठरलं (थर्माकोलचा पातळ तुकडा टाकीच्या तळाशी, म्हणजे वजन एका खड्यावर येत नाही), मग बाकीचं.

टाकी घेताना काचेपेक्षा सांधे बघावेत. सिलिकॉनची पट्टी कोपऱ्यातून सलग खाली आली आहे का, मध्ये हवेचे बारीक फुगे राहिलेत का, ते उजेडाकडे धरून लगेच दिसतं. टाकी अगदी ताजी असेल तर नाक आत घालताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. म्हणजे सिलिकॉन अजून वाळतंय. अशी टाकी घरी आणून लगेच भरायची नाही. आणि भरली की पहिल्यांदा गच्चीत किंवा बाथरूममध्ये, खाली वर्तमानपत्र पसरून. कागद कोरडा राहिला की मगच तिला हॉलमध्ये प्रवेश.

ईशान्येचा तिढा वेगळाच होता. आमच्या ईशान्येला खिडकी आहे आणि सकाळचं ऊन थेट आत येतं. उन्हात टाकी ठेवली की पाण्याचा हिरवा रस्सा व्हायला वेळ लागत नाही. शेवाळाला ऊन म्हणजे पंचपक्वान्न. सासूबाईंनी होकायंत्र मागवलं, मी पडदा ओढून बघितला. अखेर टाकी ईशान्येलाच पण खिडकीला चुकवून, भिंतीच्या आडोशाला बसली. वास्तू राखली गेली, शेवाळाचीही सोय झाली नाही.

मग आला सगळ्यांत अवघड भाग: भरलेली, दिवा लावलेली, फिल्टर घुरघुरणारी टाकी मासे न टाकता नुसती बघत बसणं. अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना जहाल. नायट्रेट बरंच सोसवतं. तोवर चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायचं, म्हणजे जिवाणूंची उपासमार होत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते या जिवाणूंनाही मारतं आणि माशांच्या कल्ल्यांनाही भाजतं, म्हणून त्यावरचे थेंब घालायचे किंवा पाणी बादलीत उघडं ठेवायचं. येणारेजाणारे विचारत, "अहो, मासे कुठेत?" सासूबाई शांतपणे सांगत, "पाणी मुरतंय." शेजारच्या काकू त्यावर जरा संशयानेच बघायच्या.

मासे कोणते, यावर मात्र मी अडून बसले. सकर नको. काच चाटून साफ करतो म्हणून तो बोटभर असताना विकतात, पुढे तो फूटभराहून मोठा होतो आणि मग लोक त्याला गुपचूप तलावात सोडून येतात. उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यात तो कटल्याऐवजी येतो, तेव्हा त्यांच्या तोंडून काय निघतं ते लिहिण्यासारखं नाही. त्यापेक्षा आपल्याच ओढ्यांतला, निळे पट्टे मिरवणारा झेब्रा डॅनिओ किती गुणी! दीड-दोन इंचांचा, काटक, थव्याने धावणारा. गप्पींचाही विचार झाला. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे गावोगावच्या भिंतींवर वाचत आपण मोठे झालो, पण दोन गप्पींच्या वीस होतात आणि वाटायला शेजारी पुरत नाहीत.

डॅनिओ आता मजेत आहेत. काळा एकही नाही. संकटं आम्ही आपापली वाटून घेतो. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं, म्हणजे साधारण एक बादली. ते पिवळसर, नायट्रेटवालं पाणी झाडांना फार मानवतं, असं मी एकदा बोलून गेले आणि सासूबाईंनी ती बादली कायमची राखून ठेवली. कढीपत्ता आणि गुलाब भलतेच फोफावलेत. फक्त माशांचं पाणी तुळशीला चालतं का, हा प्रश्न अजून भटजींकडे पडून आहे.