बरा आहे, म्हणून गोळी चालू आहे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघतो. मला बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात चढण्याचा तर कधी उदासीत बुडण्याचा आजार, आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. चहाच्या वेळी कुणी ना कुणी विचारतंच, "आता चांगले दिसताय की, मग गोळ्या अजून कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चांगला दिसतोय तो गोळीमुळंच. लिथियम. ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा गुण दाखवला. औषध जुनं, पण नाजूक. रक्तातलं प्रमाण लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोलमध्ये ठेवायचं. दीडच्या वर गेलं की ते अंगावर येतं. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, शिवाय थायरॉईड आणि किडनीच्या तपासण्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम गेला, जुलाब झाले, अंगातलं पाणी-मीठ उतरलं की लिथियम साठत जातं. निर्जळी एकादशी त्यामुळं सुटली. आईला ते अजून पटलेलं नाही. गुडघा दुखला तरी मेडिकलमधून आयबुप्रोफेन मनानं आणत नाही, त्यानंही लिथियम वाढतं. बोटं जराशी थरथरतात. कपबशी वाजते, म्हणून माझा चहा स्टीलच्या पेल्यात येतो.

पण गोळीनं सगळं भागत नाही. उदास दिवस घरच्यांना लगेच कळतात. नजर ठेवायची ती फार बरं वाटणाऱ्या दिवसांवर. झोप दोन-तीन तासांवर आलीय, तरी सकाळी ताजंतवानं वाटतंय, तोंड थांबत नाही, आणि कर्ज काढून स्वतःच हळद भरून ठेवावी असा बेत शिजतोय, की बायको एटीएम कार्ड मागते आणि डॉक्टरांना फोन लावते. हे आम्ही मी बरा असतानाच ठरवून ठेवलंय. त्या दिवसांत मला कुणाचंच पटत नसतं. आपल्याइतका हुशार सांगली जिल्ह्यात नाही असं वाटतं.

सगळ्यात जड जातं ते रात्र न जागणं. जागरणानं माझ्यासारख्याचा उन्माद उसळू शकतो, आणि आमच्या गावात तर नाटकाच्या तालमीही रात्रीच. मिरजेच्या दर्ग्यात उरसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं असतं. मी साडेदहाला चपला शोधायला लागतो. "गोळी खिशात घेऊन बस की," मित्र म्हणतात. गोळी झोपेची भरपाई करत नाही, हे त्यांना कितीदा सांगू? बुजुर्ग गवई मी उठल्यावरच बसतात, आणि त्याचा मला दरवर्षी राग येतो.