तंबोरो खंय गेलो?

8 जानेवारीला वेंगुर्ल्यात एकाच हॉलमध्ये दोन कार्यक्रम होते. आधी मधु लिमये यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक, मग अमित सैगल यांच्या आठवणीत पोरांचा रॉक बँड. भाडं दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलेलं. साऊंड माझा.

लिमये 1955 साली गोव्याच्या सत्याग्रहात उतरले. पोर्तुगीजांनी 12 वर्षांची शिक्षा ठोठावली, दीड वर्षाहून जास्त काळ आत ठेवलं. पुढे संसदेत सरकारला घाम फोडणारा हा माणूस शास्त्रीय संगीतात रमायचा. सैगल यांनी 1993 मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं आणि आपल्याकडच्या बँडवर मन लावून लिहिलं, लिहवून घेतलं. 2012 च्या 5 जानेवारीला ते गोव्याच्या समुद्रात बुडाले. मासिकाचे जुने अंक त्या पोरांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपलेत.

आमच्याकडे खाऱ्या हवेने जॅक हिरवे पडतात. आदल्या रात्री बसून एकूण एक पिन घासली होती. दुपारी बँडचं चेकिंग झालं. डिस्टॉर्शनवरचा, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेला गिटार न वाजवताही घरघरतो, म्हणून त्याच्या 7 नंबरच्या चॅनलला गेट लावला. आवाज ठरलेल्या पातळीखाली गेला की गेट चॅनल बंद करतो. मिक्सर 16 चॅनलचाच, दोन्ही कार्यक्रमांना वेगळे चॅनल पुरेनात, तेव्हा संध्याकाळी त्याच सातवर तंबोऱ्याचा माईक जोडला. गेट काढायचा राहिला.

गाणाऱ्या बाईंनी यमन सुरू केला. त्या गात होत्या तोवर त्यांच्याच आवाजाने गेट उघडा राहायचा. त्या थांबल्या की तंबोरा गायब. जिथे फक्त तंबोराच ऐकू यायला हवा, नेमका तिथेच. बाईंना कळणार कसं, त्यांच्या मागेच तो वाजत होता. मी हेडफोनवर बाईंच्या माईकची शिट्टी येते का, तेवढंच बघत होतो. लग्नांत वर्षानुवर्षं "आवाज वाढव" एवढंच ऐकून कान असे होतात. पुढाऱ्यांच्या सभांनी त्यात भर घातली.

11 मिनिटं गेली. तिसऱ्या रांगेतले निवृत्त गुरुजी काठी टेकत माझ्यापाशी आले. वाकून हळूच म्हणाले, "तंबोरो खंय गेलो रे?" त्याच क्षणी विंगेतून बँडचा गिटारवाला धावत आला, "दादा, सातचा गेट!"

मी बटण दाबलं. बाई श्वास घ्यायला थांबल्या होत्या. तंबोरा हॉलभर पसरला. गुरुजींनी डोळे मिटले, पोरगा तिथेच खाली बसला. दोघांची तोवर ओळखही नव्हती. बँड सुरू झाला तेव्हा गुरुजी घरी गेले नाहीत. त्याच तिसऱ्या रांगेत, दोन्ही हात काठीवर ठेवून, शेवटपर्यंत बसले.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. बाईंनी मागितलं तेव्हा पहिली 11 मिनिटं कापून द्यावीत असं आलं होतं मनात. नाही कापली. रात्री लावतो कधी कधी. बाई थांबतात, तंबोरा जातो, आणि माझा हात अजून बटणाकडे जातो.