हाल झाले हो आज
सकाळी ऑफिसला जाताना बसस्टॉपवर काळा बर्फ (रस्त्यावरचा न दिसणारा पातळ थर) दिसलाच नाही आणि मी धपकन आपटले. बाजूच्या स्वीडिश आजी हात देत म्हणाल्या, "हाल, हाल!" क्षणभर वाटलं या बाईंना मराठी येतं की काय 😄 तर स्वीडिशमध्ये हाल म्हणजे निसरडं, आणि हल्का म्हणजे घसरणं किंवा निसरडेपणा. इथे जानेवारीत रोज कानावर पडतो हा शब्द.

लंचला हे सांगितलं तर टीममधली हंगेरियन मैत्रीण हसतच सुटली, कारण तिच्याकडे हॉल म्हणजे मासा. (स्पेलिंग डिट्टो तेच, उच्चार मात्र आखूड, आणि 'आ' चा जवळजवळ 'ऑ'.) आणि तोच शब्द क्रियापद म्हणून वापरला तर मरणं! मला वाटलं मासा मेला वगैरे काहीतरी कनेक्शन असेल, पण नाही, दोन मुळं वेगळी, हंगेरियनच्या नात्यातल्या फिनिशमध्ये अजून वेगळीच राहिलीत, मासा कला आणि मरणं कुओल्ला, हंगेरियनमध्ये सुरुवातीच्या क चा ह होऊन दोन्ही एकसारखी झाली. फिनिश तीन म्हणजे कोल्मे, हंगेरियन हारोम, तिथेही तोच क गेला बघा.

स्वीडिशचं मात्र खानदानच वेगळं, जुन्या स्कँडिनेव्हियन नॉर्स भाषेवालं, माशाशी काही संबंध नाही. आपला हाल तर अरबीतून आलेला.

संध्याकाळी त्या हंगेरियन मैत्रिणीने डब्यातून लालभडक पाप्रिका घातलेलं हॉलासले आणून दिलं, म्हणजे कोळ्यांचं माशाचं सूप. कंबरेला हिटिंग पॅड लावून ओरपतेय.